इर्जिकीचा खांब

मंगळवार, ७ जानेवारी २०२५. म्हसवड.

अग्रणी विकली गेली. गेली आठ वर्षं ज्या कंपनीकडून मी इंटरनेटची लाइन घेतो, ती सांगलीची अग्रणी टेलिनेट दिल्लीच्या एका मोठ्या कंपनीत विलीन झाली, आणि ही बातमी मला कुठे मिळाली? तर सलूनमध्ये. माझी अर्धी दाढी झाली होती. आकारामने पेपर माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "हाफिजभाई, ही तुमचीच कंपनी न्हवं?" उरलेली दाढी तशीच ठेवून मी दुकानात आलो.

डायरी लिहायची मला सवय नाही. हंबीरराव म्हणाले म्हणून सुरू करतोय. ते फौजेच्या सिग्नल रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, धंद्यात माझे अर्धे भागीदार आहेत आणि पूर्ण डोकेदुखी. त्यांचं म्हणणं, लढाई लागली की रोजची नोंद ठेवावी, म्हणजे हरल्यावर कुठे चुकलं ते कळतं. जिंकल्यावर काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी हाफिज शिकलगार, वय चौपन्न. अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे, मी टीव्ही केले, आणि २०१६ साली 'माणदेश वायरलेस' काढली. अग्रणीची फायबर म्हसवडला माझ्या गच्चीपर्यंत येते. तिथून पुढे माझं राज्य. खांबावर डिश लावायची, तिने समोरच्या खांबाला सिग्नल द्यायचा, त्याने पुढच्याला. असे अडतीस खांब आणि सहाशे बारा घरं. ज्या वस्त्यांवर मोबाइलला रेंज यायला माणसं पाण्याच्या टाकीवर चढायची, तिथे आता दूध डेअरीचं मशीन चालतं आणि लेकरं अभ्यास करतात. निदान आया तसं सांगतात.

एवढी मोठी कंपनी आली म्हणजे आपल्याला लाइन स्वस्त मिळेल, असं मी रात्री जेवताना म्हणालो. अल्फिया, म्हणजे माझी मुलगी, दुकानात स्क्रीनवरचं सगळं काम तीच सांभाळते. ती म्हणाली, "अब्बा, मोठ्या दुकानात उधारी मिळते का कधी?" पोरीने डिप्लोमा केल्यापासून सरळ उत्तर द्यायचं सोडलंय.

गुरुवार, १६ जानेवारी.

सांगलीला जाऊन आलो. एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्हा एकतीस जणांना बोलावलं होतं. जत, आटपाडी, विटा, माण, खटाव, सगळीकडचे छोटे नेटवाले. प्रत्येक खुर्चीवर एक पाण्याची बाटली आणि एक पेन. पेन चांगलं आहे, त्यानेच लिहितोय.

पृथ्वीराज नावाचे अधिकारी बोलायला उभे राहिले. पस्तिशीचे, सांगलीचेच, बोलायला गोड. त्यांच्यावर रागावता येईना हीच अडचण. म्हणाले, आता आपण सगळे एकाच कुटुंबात. कुटुंबात यायचं म्हणजे पाटी त्यांची, ग्राहक त्यांचे, आपण कमिशनवाले. नको असेल तर जबरदस्ती नाही. फक्त शनिवार १५ मार्चला दुपारी बारा वाजता जुनी लाइन बंद.

मी विचारलं, माझ्या वस्त्यांचं काय? त्यांनी पडद्यावर नकाशा काढला. माझे सगळे अडतीस खांब त्यावर होते, माझ्याकडेसुद्धा असा नकाशा नाही. अकरा हिरवे, सत्तावीस राखाडी.

"राखाडी म्हणजे?"

"ते पुढच्या टप्प्यात घेऊ, शिकलगारसाहेब. एका खांबावर सहा-सात घरं, सध्या परवडत नाही."

"पुढचा टप्पा कधी?"

"ते अजून ठरलेलं नाही."

मी समजलो. जतच्या माणसाने शेजारच्या खुर्चीवर तिथल्या तिथे सही केली. एकोणीस वर्षांचा धंदा त्याचा. मला म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, हाफिजभाई?" 

निघताना पृथ्वीराजसाहेब चहाला घेऊन गेले. म्हणाले, तुमचं काम चांगलं आहे, पण प्रोफेशनल नाही. खांब उभारल्याचे करार कुठे आहेत? मजुरांची बिलं? हे मला फार लागलं. कारण बिलं नाहीतच. माझे खांब इर्जिकीने उभे राहिले. आमच्याकडे एकाच्या शेतात मोठं काम निघालं की लोक आपापले बैल, अवजारं घेऊन येतात, मालक जेवण घालतो, मजुरी कोणी घेत नाही. आता एसीत बसून त्यांना काय सांगू, की अडतीस खांबांचं बिल म्हणजे पाच बोकड?

रविवार, १९ जानेवारी.

सही करायची नाही. ठरलं.

अल्फियाने रस्ता शोधला. लोणंदला रेल्वेच्या कडेने दुसऱ्या एका कंपनीची फायबर येते. त्यांच्याशी तिचं बोलणं झालंय, ते लाइन द्यायला तयार आहेत. प्रश्न एवढाच की लोणंद तिकडे आणि म्हसवड इकडे, मध्ये फलटणचा सपाट मुलूख आणि महादेवाचा डोंगर. फलटणच्या बाजूला एक गच्ची आणि लोणंदला एक गच्ची मिळाली, दोन्ही हंबीररावांच्या पलटणीतल्या माणसांच्या. राहिला घाटमाथा. मोगराळे घाटाच्या वरच्या अंगाला रंगूबाईंची वस्ती आहे, तिच्या मागची टेकडी त्यांची. तिच्यावर साठ फुटी खांब उभा राहिला तर एका बाजूला फलटण दिसतं, दुसऱ्या बाजूला थेट आमचं म्हसवड.

रंगूबाई पंचाहत्तरीच्या. नातू शंभूराज फौजेत, सध्या लेहला. दर रविवारी त्या नातवाला मोबाइलवर बघतात, माझ्या नेटवर. त्यांची वस्ती नकाशावर राखाडी आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही, नुसती जागा मागितली. म्हणाल्या, "टेकडी काय पेरायची हाय व्हय मला? घे की."

सोमवार, २७ जानेवारी.

आज टेकडीवरून म्हसवड खरंच दिसतं का ते तपासलं. हंबीररावांनी खिशातून दाढीचा आरसा काढला आणि उन्हात धरून हलवला. पस्तीसेक किलोमीटरवरून, दुकानाच्या गच्चीवरून अल्फियाने फोनवर सांगितलं, "दिसलं, अब्बा. लुकलुकतंय." लाखाची यंत्रं राहिली बाजूला. सुभेदार इतके खूश झाले की आरसा पुसून परत खिशात ठेवताना शीळ घालत होते.

अडचण एकच. वस्तीपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत गाडी जात नाही, दीड मैल पायवाट. खांबाचे बारा तुकडे, तारा, बॅटऱ्या, सोलरचे पत्रे, सगळं खांद्यावर. पन्नास माणसं तरी लागतील.

रविवार, २ फेब्रुवारी.

या वेळी काम पद्धतशीर करायचं. लेटरहेड छापून घेतलं. ग्राहकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'रविवार दि. ९ रोजी घाटमाथ्यावर टॉवर उभारणी. मजुरी प्रत्येकी आठशे रुपये रोख. सहीची पावती मिळेल. जेवणाचं पाकीट दिलं जाईल.' सांगलीवाल्यांना आता बिलंसुद्धा दाखवीन.

हंबीरराव म्हणाले, "गड्या, मेसेज नगं. घरी जाऊन सांग." मी म्हटलं, सुभेदार, जग पुढे गेलं. मेहरुननेही मेसेज वाचला आणि काहीच बोलली नाही. माझी बायको एखादी गोष्ट आवडली की गप्प बसते, असं मी धरून चाललोय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.

ग्रुपवर कोणाचं उत्तर नाही. मजुरी कमी वाटत असेल. नऊशे केली.

रविवार, ९ फेब्रुवारी.

कोणी आलं नाही.

म्हणजे हंबीरराव आले, आणि दहिवडीच्या नाक्यावरून तीन अनोळखी गडी आले. माझ्या सहाशे बारा घरांतून एक माणूस नाही. खांबाचा एक तुकडा आम्ही अर्ध्या वाटेपर्यंत नेला आणि तिथेच ठेवून आलो. जेवणाची सत्तेचाळीस पाकिटं उरली.

फोन केले. एकाची म्हैस आजारी, एकाचा पाय मुरगळलेला, एकाच्या मेव्हण्याचं काहीतरी. बिरदेव मेंढपाळ, ज्याच्या खांबासाठी मी एकदा भर उन्हात चार तास शिडीवर होतो, तो म्हणाला, "सवड न्हाई, हाफिजभाई. तुमी आता मोठं सायेब झालासा." तोंडातली साखर कोणी काढून घेतली याची, कळत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

त्यांना फोडलंय. दुसरं कारणच दिसत नाही. कंपनीने आतून काहीतरी कबूल केलं असणार. आठ वर्षं ज्यांच्या छपरांवर चढलो ती माणसं अशी.

आज सांगलीत मिळालेला फ्रँचायझीचा कागद काढून टेबलावर ठेवला. वाचला. तसा वाईट नाही. अकरा हिरवे खांब चालू राहतील, अल्फियाला पगारी नोकरी मिळेल, मला म्हातारपणी शिड्या चढाव्या लागणार नाहीत. सत्तावीस राखाडी खांबांवरच्या घरांचं काय, तर त्यांनी तरी मला कुठे विचारलं? सही करायला पेनही त्यांचंच आहे. अल्फिया आली, कागद बघितला आणि स्क्रीनकडे तोंड करून बसली. दिवसभर माझ्याकडे वळली नाही.

घरात आम्ही दखनी बोलतो. मेहरुन रागावली की मराठीत बोलते. आज मराठीत म्हणाली, "बिरदेवचं शेड बांधलं तवा तुमी गेलता का?" आता याचा इथे काय संबंध? शेडच्या वेळी मला वेळ नव्हता, पण मी हात आखडला नव्हता. पाचशे रुपये पाठवले होते. ते त्याने अल्फियाच्या हाती परत केले. गरीब आहे पण स्वाभिमानी, असं मी तेव्हा कौतुकाने म्हणालो होतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी.

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण असं मला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं.

रंगूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "आरं हाफिज, वाटंत लोखंड टाकून गेलायस, मेंढरं अडकत्यात. खांब हुभा करनार हायस का न्हाई? शंभू इचारत हुता."

मी म्हटलं, "माणसंच येईनात, मावशी. नऊशे रुपये देत होतो."

मावशींचा आवाज एकदम चढला. 

"पैसं देतो म्हनलास?"

"हो. रोख."

"मग बरं झालं न्हाई आली. आमी काय तुझं गडी हाय व्हय? आट वर्सामागं माझ्या मळ्यात तुझा खांब रवला तवा बैलं कुनाची हुती? दोर कुनाचं हुतं? कुनी रुपाया मागितला?"

"नाही, मावशी."

"आन् माझ्या हिरीचा कठडा ढासळला तवा समदी आली. तू आलास? तू सिमेट धाडलंस. सिमेट काय पंगतीला जेवाय बसतंय व्हय? पैरा फेडला न्हाईस तू कुनाचा. चार वर्सं झाली. आता मजुरी लावतूयस आमाला." आणि फोन ठेवला.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. पैरा म्हणजे ज्याने आपलं काम केलं त्याच्या कामाला आपण जायचं. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. मी चार वर्षं सिमेंट पाठवतोय, पाकिटं पाठवतोय आणि स्वतःला दिलदार समजतोय. कंपनीने कोणालाही फोडलं नव्हतं. लाज वाटली, आणि ती कोणाला सांगायची हे कळेना, म्हणून इथे लिहिली.

कागद टेबलाच्या खणात टाकलाय. फाडला नाही अजून. खोटं कशाला लिहू.

शनिवार, २२ फेब्रुवारी.

तीन दिवस बिरदेवच्या रानात शाळू काढतोय. बुधवारी रात्री त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, सवड न्हाई. मी म्हटलं, मला काम सांगायचं नाही, तुझा शाळू काढायचा आहे का ते विचारायला आलोय. त्याने माझ्या हातांकडे बघितलं. सोल्डरिंगचे हात आहेत माझे. म्हणाला, "उद्या सकाळच्याला या."

शाळूची ज्वारी मुळासकट उपटायची असते. पहिल्या दिवशी तळहाताला फोड, दुसऱ्या दिवशी ते फुटले, तिसऱ्या दिवशी कंबर म्हणाली मी येत नाही. पण कबूल करायला हरकत नाही, काम मी चांगलं करतो. आज संध्याकाळपर्यंत माझ्या पेंढ्या जवळजवळ बिरदेवइतक्या झाल्या. त्याची बायको धोंडुबाई माझ्या मागून येत होती आणि माझी प्रत्येक पेंढी एकदा सोडून पुन्हा बांधत होती. बायकांना पुरुषांच्या कामात हात घातल्याशिवाय चैन पडत नाही.

निघताना बिरदेवने विचारलं, "खांबाचं कसं करायचं ठरवलंसा?" मी म्हटलं, इर्जिक घालायची आहे, रविवारी ९ मार्चला. तो म्हणाला, "येतू की." बस, एवढंच. मी मोटरसायकलवर बसलो तेव्हा डोळ्यांत धूळ गेली, असं घरी सांगितलंय.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी.

पाच दिवस घरोघर हिंडलो. मोबाइल दुकानात ठेवून. तिघांकडे कामालाही गेलो. एकाच्या गोठ्याचं छप्पर शाकारलं, एकीची चूल सारवायची माती आणून दिली, एका मास्तरांचा कडबा रचला. काहींनी तोंडावर सुनावलं, मी ऐकून घेतलं. आकाराम म्हणाला, "येतो, पन आदी ती अर्धी दाढी पुरी करा. लोकं मला नावं ठिवत्यात." खरं तर ती मी त्याच दिवशी घरी केली होती. तरी बसलो, त्याने मनापासून केली.

प्रत्येक घरी एकच वाक्य बोललो: माझं चुकलं, रविवारी हात लावायला या. पहिल्या घरी हे वाक्य बोलायला मला दोन कप चहा लागले. चाळिसाव्या घरी सवय झाली.

रविवार, २ मार्च.

पहिला रोजा. मेहरुन सकाळपासून आखणी करतेय. ती परत दखनीत बोलायला लागलीय, म्हणजे घरात शांतता आहे. मटण आणि भाकरी, माळकऱ्यांसाठी वेगळ्या चुलीवर आमटी-भात, भांडी वेगळी. पाकिटं नाहीत.

हंबीररावांनी मला रोजा ठेवून डोंगरावर ओझं वाहू नकोस असं बजावलं. मी म्हटलं, इर्जिकीचा मालक सावलीत बसला असं तुम्ही कधी बघितलंत का? 

सोमवार, १० मार्च.

काल लिहिता आलं नाही, बोटं मिटत नव्हती. आता लिहितो.

सकाळी साडेसहाला मी रंगूबाईंच्या वस्तीवर पोचलो तेव्हा हंबीरराव सोडून कोणी नव्हतं.  मग घाटातून पहिली जीप आली. तिच्या मागे ट्रॅक्टर. मग मोटरसायकली, एकीवर तिघे-तिघे. बिरदेव मेंढरं भावाकडे सोपवून आला होता, सोबत त्याची वस्तीच आणली. आकाराम सलून बंद करून आला, रविवारी, जेव्हा त्याचा खरा धंदा असतो. अल्फियाने मोजलं, त्रेसष्ट.

त्यातले चोवीस जण हिरव्या खांबांचे. त्यांचं नेट मी सही केली असती तरी चालूच राहणार होतं. हे त्यांना माहीत होतं, अल्फियाने सांगितलं होतं. तरी आले.

एका तुकड्याला सहा माणसं लागली. बायकांनी पाण्याच्या घागरी वर नेल्या. मी पहिल्याच तुकड्याला खांदा दिला, पुढचं टोक. आश्चर्य म्हणजे मला ओझं फारसं जाणवलं नाही, रोजा असूनही. माझ्या मागे बिरदेव आणि त्याचा पुतण्या होते, दोघेही घामाने निथळत होते. तरुण पिढीत तो दम राहिलेला नाही.

माथ्यावर कातळ. पहारीने भोकं पाडली, ताणाच्या तारा बांधल्या. खांब उचलायची वेळ आली तेव्हा हंबीररावांनी फौजी आवाजात "एक, दो" सुरू केलं. कोणाचाही हात कोणाशी जुळेना. मग बिरदेवने दोर हाताला गुंडाळला आणि ओरडला, "सिद्धनाथाच्या नावानं." साठ तोंडांतून "चांगभलं" आलं आणि खांब एकदम हातभर उचलला गेला. मीही चांगभलं म्हणालो आणि मनात बिस्मिल्ला म्हटलं. दोन्हीकडून हात लागलेला बरा. दुपारी तीन वाजता खांब सरळ उभा होता आणि सुभेदार ओळंबा घेऊन त्याच्याभोवती फिरत होते. त्यांनी मला सॅल्यूट केला. आजपर्यंत कधी केला नव्हता.

मग जेवण. मेहरुनने खाली वस्तीवर पंगतीची तयारी केली होती. रंगूबाई मधे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इर्जिकीचा धनी उपाशी आन् आमी जेवायचं? न्हाई जमायचं." मी म्हटलं, मावशी, माझा रोजा आहे, सूर्य मावळल्याशिवाय चालत नाही. त्या म्हणाल्या, "मग मावळू दे की. त्याला काय आमी धरून ठिवलाय?"

लेकरांना आणि म्हाताऱ्यांना मेहरुनने जबरदस्तीने वाढलं. बाकीचे मूठ-मूठ शेंगा आणि गूळ खाऊन बसून राहिले. सकाळपासून लोखंड वाहिलेली माणसं. पावणेसातला मी खजूर तोंडात टाकला, आणि मग सगळी पंगत जेवायला लागली. माझ्या शेजारी आकाराम होता, पलीकडे बिरदेव.  असा मान मला कोणी कधी दिला नव्हता, आणि तो माझ्या चार वर्षांच्या वागण्यानंतर दिला.

घरी आल्यावर खणातला कागद काढला आणि फाडला.

शनिवार, १५ मार्च.

सकाळी नऊपासून मी स्क्रीनसमोर बसून होतो. रोज्याने घसा कोरडा, भीतीने आणखी कोरडा. घाटमाथ्यावरच्या डिश मंगळवारी जुळवून झाल्या होत्या. पण जुळणं वेगळं आणि सहाशे बारा घरांचा भार पेलणं वेगळं. साडेअकराला अल्फियाला म्हटलं, आता लोणंदकडे वळव, अर्धा तास हाताशी असू दे.

ती म्हणाली, "अब्बा, आपण गुरुवारी दुपारपासून लोणंदवरच आहोत."

"काय?"

"तुम्ही नमाजला गेला होतात तेव्हा वळवलं. सांगितलं असतं तर दोन दिवस तुम्ही झोपला नसता. कोणाला कळलंही नाही."

दोन दिवस मी स्वतः त्याच नेटवर होतो. मलाही कळलं नाही. तीस वर्षं या कामात काढलेल्या माणसाला. मला रागावायचं होतं, पण मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती माझ्यापेक्षा चांगली कारागीर आहे. असं काही माझ्या अब्बांनी मला कधी म्हटलं नाही, म्हणून मी तिला आज मोठ्याने म्हणालो. तिने मान खाली घालून कीबोर्डवर उगाच काहीतरी दाबलं.

बारा वाजता अग्रणीचा दिवा विझला. हिरवा होता, लाल झाला, मग नुसताच बंद. आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत होतो. फोन वाजला नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा. हंबीररावांनी रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना ते बघितलं.

सव्वाबाराला वाजला. पृथ्वीराजसाहेब. आवाजात काळजी होती, ती खोटी नसावी. "शिकलगारसाहेब, लाइन बंद झाली असेल. ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या असतील ना? अजूनही वेळ गेलेली नाही, सोमवारपर्यंत मी तुमचा कागद थांबवून ठेवतो."

मी अल्फियाला विचारलं, आज तक्रारी किती? तिने वही बघितली. "एक. मास्तर म्हणतात पासवर्ड विसरले."

हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं.  मग त्यांनी लाइन कुठून आणली, डोंगर कसा ओलांडला, सगळं विचारलं. मी लपवलं नाही, माणूस वाईट नाही. साठ फुटी खांब आणि दीड मैल पायवाट म्हटल्यावर त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला.

"एवढ्या कमी दिवसांत? किती मजूर लावले होते?"

"एकही नाही," मी म्हटलं.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. आज अग्रणी गिळली, उद्या ही मोठी कंपनी लोणंदवाल्यांनाही गिळेल. जतच्या माणसाचा काल फोन होता, त्याच्या वस्त्यांवरचे खांब उतरवायला लागलेत, रडत होता. मी त्याला इकडे ये म्हणालो, खांबाच्या पायथ्याशी बसून बोलू, तुझ्या बाजूला रस्ता काढता येतो का बघू. तेव्हा हा विजय किती दिवसांचा, ते अल्ला जाणे. पण आज राखाडी खांब सत्तावीसच्या सत्तावीस चालू आहेत, आणि दुपारी रंगूबाईंनी रविवारची वाट न बघता नातवाला मोबाइलवर टेकडी दाखवली, मग मला फोन करून तसं सांगितलं.

अल्फियाने त्रेसष्ट जणांची यादी करून दुकानाच्या भिंतीला लावली आहे. कोणाच्या घरी कोणतं काम निघणार, कोणत्या महिन्यात. विहिरीचा गाळ, लग्नाचा मांडव, मेंढ्यांची कातरण, दोन घरांच्या भिंती. माझं वय आणि माझी कंबर धरली तर सगळ्यांचा पैरा फिटायला तीन वर्षं लागतील. गिऱ्हाईक दुकानात आलं की मी आधी त्याला ती यादी दाखवतो, मग नेटचं विचारतो. मेहरुन म्हणते, देणेकऱ्याने इतकं ताठ चालू नये. मला वाकता येत नाही, त्याला मी काय करू.

उद्या सकाळी सातला पहिलं नाव.